बेटावरची सुट्टी आणि आठ दिवसांचा नियम



२०२५ च्या फाल्गुन अष्टाह्निकेत मी चार दिवस सांगलीला आक्काकडे होते. मंदिरात नंदीश्वर विधान मांडलेलं. चौरंगावर रंगीत तांदळाचं मंडल, चारी दिशांना तेरा-तेरा अशी बावन्न जिनालयं, आणि आम्ही सगळ्या बायका एकेक अर्घ्य चढवतोय. विधान आटोपून पायरीवर टेकलो. आक्काने पिशवीतून फोन काढला आणि तिचा चेहराच उतरला. नात्यातल्या एका बाईंनी फोटो पाठवला होता. समुद्रकिनारा, चार मुली, त्यातली एक आक्काची लेक. गुडघ्यापर्यंतची पँट, डोक्यावर टोपी, हातात काहीतरी आणि त्यात नळी. खाली एकच ओळ: "हातात काय आहे म्हणे?"

हातात शहाळं होतं. फोटो जरा मोठा करून पाहिला असता तर त्यांनाही दिसलं असतं. पण त्यांना पाहायचं नव्हतं, विचारायचं होतं.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे. आज आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतल्या मुली परदेशी शिकायला आहेत. परवा मंडळात बसलो होतो, नऊजणींपैकी तिघींच्या मुली बाहेर. पहिल्या वर्षाची ही सुट्टी प्रत्येकीकडे येणार आहे, आणि "आई, मैत्रिणींबरोबर जाऊ का?" हा फोनही येणार आहे. त्याला काय उत्तर द्यायचं, याबद्दल माझं मत मी सांगते. ते सगळ्यांना पटणार नाही, मला माहीत आहे.

भाची ऑगस्ट २०२४ मध्ये एम.एस.साठी ओहायोला गेली. तिकडे मार्चमध्ये कॉलेजांना आठवडाभर सुट्टी असते, तिला स्प्रिंग ब्रेक म्हणतात. बाहेर थंडी, चिखल, अधूनमधून बर्फ. पोरं उन्हाच्या शोधात दक्षिणेला पळतात. ही रीत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल गावापासून पडली. १९३० च्या दशकात उत्तरेकडच्या कॉलेजांतले पोहणारे खेळाडू तिथे सरावाला यायला लागले. १९६० मध्ये तिथल्या सुट्टीवर एक सिनेमा निघाला आणि मग जत्राच लोटली. पोहणं मागे राहिलं, पिणं पुढे गेलं. आता ही गर्दी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आणि कॅरिबियन बेटांवरही जाते.

भाची आणि तिच्या तीन मैत्रिणींनी पोर्तो रिको निवडलं. हे बेट १८९८ पासून अमेरिकेकडे आहे, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलींना देशाबाहेर गेल्यासारखं होत नाही. बहामा किंवा जमैकाला जायचं तर आय-२० वर कॉलेजच्या ऑफिसची प्रवासाची सही लागते, व्हिसा तपासावा लागतो. इथे ती कटकट नाही. तरी पासपोर्ट आणि आय-२० जवळ ठेवायचे, असं मी तिला दहा वेळा सांगितलं.

जानेवारीत तिचा पहिला फोन मला आला. "मावशी, आईला तू सांग ना." मी काय म्हणाले माहितीय? "कशाला गं? जवळच्या जैन सेंटरला जा, आठ दिवस अष्टाह्निकाच आहे नेमकी." म्हणजे मीही नाहीच म्हणाले होते. आक्का तर रडलीच. दाजी म्हणाले, कर्ज काढून शिकायला पाठवलंय, हिंडायला नाही.

दाजींच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून आधी पैशाचं. भाची कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. त्यातून तिने चार महिने बाजूला टाकलं होतं. मी साताऱ्याची, मला लगेच 'कमवा आणि शिका' आठवलं. कर्मवीर अण्णांनी पोरांना हाताने कमवायला लावलं, आणि धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगमधल्या पोरांच्या पोटाला घालायला लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ही दोघं आपल्याच समाजातली, कुंभोजची. त्यांचे फोटो आपण कार्यक्रमात लावतो, हार घालतो. मग पोरीने कमवून साठवलेल्या पैशाचं काय करायचं हे तिने ठरवलं तर घर का हादरतं? दाजींना मी एवढंच म्हणाले, कर्जाचा पैसा असता तर मीही तुमच्या बाजूने बोलले असते.

आता खरी भीती. ती खोटी नाही आणि मी ती खोटी म्हणणार नाही. अमेरिकेत एकवीस वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही, पोर्तो रिकोत मात्र अठराव्या वर्षी मिळते. कॉलेजची पोरं तिकडे का वळतात, त्याचं हे एक सरळ कारण आहे. त्यात ते बेटच रमचं. रम उसाच्या मळीपासून करतात, म्हणजे आपल्या सांगलीकडच्या शिवारात जे पीक डोलतं त्याचीच ती दुसरी गोष्ट. किनाऱ्यावर, हॉटेलात, पोहण्याच्या तलावाकाठी सगळीकडे ग्लास. आपली मुलगी अशा ठिकाणी आठ दिवस राहणार म्हटल्यावर आईचा जीव खालीवर होणारच.

प्रश्न असा आहे की त्यावर आपल्याकडे काय औषध आहे? आपलं नेहमीचं औषध म्हणजे 'नको'. लहानपणी नको म्हटलं की चालतं, दार आपल्या हातात असतं. तेवीस वर्षांच्या मुलीला आठ-दहा हजार मैलांवर 'नको' म्हटलं तर दोनच गोष्टी होतात. एक, ती जात नाही आणि वसतिगृहात एकटी बसून घरावर राग धरते. दुसरी, ती जाते आणि सांगत नाही. दुसरी जास्त वेळा होते. मला तीन घरं माहीत आहेत.

आणि गंमत म्हणजे आपल्या शास्त्रात यापेक्षा किती चांगलं साधन पडून आहे! समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार आपण पाठशाळेत वाचला, परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं कपाटात आहेत. त्यात यम आणि नियम असा फरक केलाय. जन्मभरासाठी धरलेला तो यम, ठरावीक मुदतीचा तो नियम. आणि दिग्व्रत? दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द घालून घ्यायची. हद्द कशाने घालायची, तर समुद्र, नदी, जंगल, डोंगर, देश, योजनं, अशा सगळ्यांना माहीत असलेल्या खुणांनी. म्हणजे श्रावक प्रवास करणार, समुद्रापर्यंत जाणार, हे आचार्यांनी धरूनच चाललंय. त्यांनी घरात बसा म्हटलेलं नाही. जाताना मोजून जा म्हटलंय, आणि मोजायचं तुम्ही स्वतः.

आपल्या कथासुद्धा पाहा. अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान करताना आपण मैनासुंदरीचं नाव घेतो. तिचा श्रीपाल कुठे गेला होता? जहाजातून द्वीपांवर. धवल शेठने त्याला समुद्रात लोटलं, तो णमोकार म्हणत पोहत काठाला लागला. ही कथा ऐकताना आपल्याला समुद्र चालतो.

तर फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही तिघी व्हिडिओ कॉलवर बसलो. मी भाचीला म्हटलं, आई काय म्हणते, मी काय म्हणते ते बाजूला ठेव. तू आठ दिवसांसाठी काय नियम घेतेस ते सांग. घेतलास तर मोडायचा नाही, म्हणून झेपेल तेवढाच घे. ती चटकन म्हणाली, "मद्य, मांस, मध यात काय विचारायचं? ते लहानपणापासून आहेच." म्हणजे तो यमच झाला, मूलगुणांतला. मग तिने सूर्यास्ताआधी दोन घडी जेवण संपवायचा नियम घेतला. ओहायोत अभ्यासामुळे तो दोनदा-तीनदा मोडला होता, हे तिने आपण होऊन सांगितलं. आक्काला ते माहीतच नव्हतं. आक्का काही बोलली नाही, पण मला दिसलं की तिला लागलं. नंतर भाची म्हणाली, "मावशी, हद्द समुद्राने घालायची असते ना? मग मी कंबरेएवढ्या पाण्यापर्यंतची घालते. त्यापुढे नाही." हसू आलं, पण समंतभद्रांना चाललं असतं असं मला वाटतं.

मग मी आक्काकडे वळले. आता तू काय घेतेस? तिने आठ दिवस दिवसातून एकच फोन करायचा नियम घेतला. मैत्रिणींनो, खरं सांगते, दोघींत अवघड नियम तिचा होता.

जेवणाचं सविस्तर सांगते, कारण तुम्ही तेच विचारणार. खोली स्वयंपाकघर असलेली घेतली होती आणि भाचीने छोटा राइस कुकर बॅगेत टाकला होता. बरोबर जयसिंगपूरचा भडंग, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. तिकडचं जेवण पहिल्यांदा पाहून ती घाबरली. त्यांचा मोफोंगो म्हणून पदार्थ आहे, हिरवी केळी तळून लसणाबरोबर आणि बऱ्याचदा डुकराच्या तळलेल्या कातडीबरोबर कुटतात. कडधान्यं भरपूर, पण शिजवताना बहुधा मांस घालतात, आणि मांस नको म्हटलं तरी डुकराची चरबी असू शकते. तिला मांतेका म्हणतात. म्हणून नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. तिने एक वाक्य पाठ केलं: सिन कार्ने, सिन मांतेका, सिन सेबोया, सिन आहो. मांस नको, चरबी नको, कांदा नको, आणि शेवटचा 'आहो' म्हणजे लसूण! 'सिन आहो' म्हणजे आहोंशिवाय. आम्ही दोघी बहिणी यावर दोन दिवस हसत होतो. दाजींना काही हसू आलं नाही.

आणि मग तिला गांदुलेस सापडले. तिथला सणासुदीचा भात या दाण्यांचा असतो. दुकानातून डबा आणून उघडला तर काय, तुरीचे ओले दाणे! आपली तूर. जिरं, हिरवी मिरची, चटणी घालून तिने भातात शिजवले, चौघी जेवल्या. हैदराबादची मैत्रीण तर उरलेला डबाही घेऊन गेली. यूका नावाचं कंद तिकडे सगळीकडे असतं, ते अर्थात वगळलं. परतीच्या विमानाआधी बेटावरून बाहेर जाणारी फळं-भाज्या तपासतात, ताजा आंबा वगैरे बॅगेत टाकू नका.

सूर्यास्ताची एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, पोर्तो रिकोत करत नाहीत. त्यामुळे त्या आठवड्यात ओहायोचं आणि बेटाचं घड्याळ एकच. पण ओहायोत सूर्य साडेसातनंतर मावळतो, बेटावर साडेसहाच्या सुमारास. पहिल्याच दिवशी ती बेसावध राहिली, आणि दोन घडी आधीची वेळ निघून गेली तेव्हा ती बाजारात रांगेत उभी. त्या रात्री नुसतं पाणीही घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सव्वापाचला ताट. तिकडे ते संपायचं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन-सव्वातीन. मी आक्काच्या शेजारी झोपले होते. रोज त्या वेळेला उशाशी फोन लुकलुकायचा, आक्का अंधारातच वाचायची. "जेवले. ऊन आहे अजून." फोन करायचा नाही हा नियम होता, वाचायचा नाही असा नव्हता.

बेटाबद्दल मला स्वतःला एक गोष्ट फार वाटली. अमेरिकेतल्या मुलांना नारळ, केळी, जास्वंद, उघडं ऊन म्हणजे स्वर्ग. भाचीने तिसऱ्या दिवशी लिहिलं, "मावशी, इथे कैऱ्या लागल्यात, गुलमोहर आहे, घाम येतोय, मला घरी आल्यासारखं वाटतंय." मी नकाशा काढला. सान हुआन आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत! सातारा आणि सांगली तर त्याहून दक्षिणेला. म्हणजे पोरगी आपल्याच उन्हात गेली होती. सात महिने थंडीत, चार भिंतींत, परक्या भाषेत काढल्यावर तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. आम्ही मंदिरात ज्या नंदीश्वराचं मंडल मांडलं होतं ते आठवं द्वीप. तिथे देव जातात, माणसाला मानुषोत्तर पर्वतापलीकडे जाता येत नाही. अडीच द्वीपांत मात्र कुठेही जाता येतं, तेवढं तरी मुलींना राहू द्या.

एका रात्रीचं सांगायलाच हवं. फहार्दो गावाजवळ लागुना ग्रांदे नावाची खाडी आहे. तिच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की ते उजळतात. पोहायला तिथे बंदी आहे, छोट्या होडीतून नेतात. वल्हं मारलं की निळसर उजेड. सगळे ओरडत होते. भाचीने एकदा हात बुडवला, बोटांभोवती ठिणग्याच ठिणग्या, आणि तिने हात काढून घेतला. "मावशी, आज्जी पाणी गाळून गाळणं परत विहिरीत का धुवायची ते आज दिसलं गं." होडीत बसायलाच नको होतं का, असंही तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिला तो प्रश्न पडलाय, तर तो तिच्याकडेच असू दे.

आता माझं जरा कडू बोलणं. त्या फोटोवर आठ दिवसांत आक्काला पाच फोन आले. कपडे, हातातलं पेय, बरोबर मुलं होती का. "स्थळं बघताय ना, जरा सांभाळा." समुद्राला ओढ कशी आहे, हे एकीनेही विचारलं नाही. आणि खरा धोका तोच होता. पोर्तो रिकोचा उत्तर किनारा अटलांटिकला लागून आहे. किनाऱ्यावरून आत खेचणारे प्रवाह तिथे असतात आणि त्यात माणसं जातात. अशा प्रवाहात सापडलं तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं आणि मग काठाकडे वळायचं. हे भाचीला माहीत होतं, पण पोहताच येत नव्हतं. म्हणून तर कंबरेएवढी हद्द.

का येत नव्हतं? कृष्णेच्या काठची मुलगी! तिचा भाऊ पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकला, पुढे आयर्विन पुलाखाली मित्रांबरोबर जायचा. दर वर्षी आंबोलीतून गोव्याला जातो, कुणी विचारत नाही हातात काय आहे. मुलीला मात्र विहिरीच्या काठावर टॉवेल सांभाळायला बसवलं. २०१९ च्या महापुरात सांगलीत आक्काच्या घरात पाणी आलं, तेव्हा लेकाने सामान वर चढवलं आणि आई-मुलगी जिन्यात हात धरून बसल्या. पाणी आपल्याकडे येतं, आपण समुद्राकडे गेलो नाही तरी.

मला माहीत आहे, यावर धर्माचा मुद्दा निघेल. कारण नसताना पाण्यात खेळणं म्हणजे प्रमादचर्या, अनर्थदंड. बरोबर आहे. दुपारभर पाण्यात डुंबत बसायला मी सांगत नाही. पण अनर्थ म्हणजे ज्याला काही कारण नाही ते. जीव वाचवायला शिकण्याला कारण आहे. आणि हा मुद्दा मुलग्यांच्या वेळी कधी निघाला होता, तेवढं मला कुणीतरी सांगा.

भाचीची धाकटी बहीण आता बारावीला आहे. तिलाही बाहेर जायचंय. गेल्या महिन्यात आक्काने तिच्यासाठी पोहण्याच्या क्लासची चौकशी केली, बायकांची वेगळी बॅच आहे का, शिकवायला बाई आहेत का. दोन्ही मिळालं. मग तिने तिथल्या माणसाला विचारलं, "पाणी गाळलेलं असतं का हो?" तो म्हणाला, "मॅडम, चोवीस तास फिल्टर चालू असतो, वर क्लोरीन पण टाकतो." गाळलेल्यावर आक्का खूश झाली. क्लोरीन कशाला टाकतात ते घरी आल्यावर धाकटीने सांगितलं, तेव्हापासून ती मला रोज फोन करते की आता काय करायचं. तुमच्यापैकी कुणी यावर काही विचार केला असेल तर जरूर कळवा.